भेगेवरचं पोतं

खेळपट्टीला भेग पडली ती पॅव्हेलियनकडच्या टोकाला, आणि नेमकी तिथं, जिथं वेगानं टाकणाऱ्या पोरी चेंडूचा टप्पा पाडतात. मैदानवाली सकाळचा झाडू मारत होती. झाडूची काडी अडकली म्हणून तिनं वाकून पाहिलं, तर करंगळी आत जाईल अशी भेग. काल नव्हती. निदान काल तिला दिसली नव्हती. ती तिथंच उकिडवी बसली. सामना परवावर आलेला.

उन्हाळा यंदा सुरुवातीपासूनच खार खाऊन होता. गरम वारा दुपारभर मैदानावर घोंघावायचा, विहिरीचा तळ दिसायला लागला होता, सीमारेषेकडचं गवत पिवळं पडून पायाखाली करकरत होतं. आणि खेळपट्टीची माती ती काळी, चिवट, माहेरवाशिणीसारखी लाडावलेली. पाणी मिळालं की फुगणार, नाही मिळालं की फाटणार.

नवरा मैदानवाला, म्हणून ती मैदानवाली. मैदान सांभाळायची नेमणूक त्याची. राहायला रोलरच्या शेडला लागून दोन खोल्या, त्याही नेमणुकीतल्याच. पण नेमणूक त्याची असली तरी कंबर आता तिची होती. मागं कधीतरी जड रोलर ओढताना त्याच्या पाठीत अशी कळ गेली की तो तिथंच गुडघ्यावर बसला, आणि त्या दिवसापासून वाकला की सरळ व्हायला त्याला खांब लागायचा. ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ द्यायची नाही, असं घरात न बोलता ठरलं होतं. मैदानावर माणूस धडधाकट पाहिजे. नाहीतर धडधाकट माणसं काय, बाजारात ढिगानं मिळतात. म्हणून झाडणं, पाणी मारणं, गवत कापणं, दोन मजूर हाताशी घेऊन रोलर ओढणं, सगळं ती उजाडता उजाडता उरकायची, आणि लोकांची ये-जा सुरू व्हायच्या सुमाराला तो रोलरच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहायचा, आत्ताच ओढून थांबल्यासारखा. गावानंही कधी फार खोलात जाऊन पाहिलं नाही. झाकली मूठ राहिली होती.

विभागीय क्रिकेट मंडळ शहरात. त्याचे साहेब लोक पूर्वी इकडं फिरकत नसत. यंदा मात्र मंडळानं ठरवलं की मुलींचा खेळ आडबाजूच्या गावांपर्यंत न्यायचा. शाळाशाळांत बॅटी आणि चेंडू वाटले, सुट्टीत शिबिरं घेतली, चौकात मोठे फलक लावले. फलकावर बॅट उगारलेली एक हसरी मुलगी होती, कुठली कोण जाणे. आणि या मैदानाला लीगचा एक सामना मिळाला. सामना नीट पार पडला तर मैदानाला मंडळाची कायमची मान्यता. नाही पडला, तर पलीकडच्या मोठ्या गावाचं मैदान टपूनच बसलं होतं. त्यांच्याकडं इंजिनाचा रोलर होता. मान्यता गेली की मैदान ओस पडणार, आणि ओस मैदानाला मैदानवाला कशाला लागतो? दोन खोल्यांना कुलूप लागणार, हे तर लहान पोरानंही सांगितलं असतं.

त्यात मैदानवालीची पोरगी, बारकी, याच सामन्यात सलामीला खेळणार होती. मंडळाच्या पहिल्या शिबिरात तिनं बॅट धरली ती सोडलीच नाही. संघाच्या मुलींची राहण्याची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत केली होती, त्यामुळं पोरगी हाकेच्या अंतरावर असूनही घरी नव्हती.

"अहो," मैदानवालीनं नवऱ्याला उठवलं, "भेग पडलीय."

तो भिंतीला धरून उठला. खेळपट्टीपाशी जाऊन त्यानं वाकायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर थांबला, आणि उभ्यानंच पाहिलं.

"असू दे. भेगा पडतातच."

"टप्प्यावर आहे."

"असू दे म्हटलं ना. आज साहेब येणार आहेत. ते काय म्हणतात बघू."

निरीक्षक साहेब ऊन चढायला आले. पांढरी टोपी, काळा चष्मा, गळ्यात मंडळाचं ओळखपत्र. स्वभावानं वाईट नव्हते, पण बोलायचे ते नेहमी समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं पाहत. त्यांच्याबरोबर एक फोटो काढणारा होता. मैदानवाला रोलरला टेकून ताठ उभा राहिला. मैदानवाली पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली.

"बाई, बाई! चपला!" निरीक्षक ओरडले. "खेळपट्टीवर कुणी यायचं नाही. मैदानवाले, घरच्यांना सांगून ठेवा जरा."

तिच्या पायांत चपला नव्हत्याच. अनवाणीच होती. खेळपट्टीवर ती कायम अनवाणी चालायची, माती गार लागते की तापलीय ते तळव्याला कळावं म्हणून. मागं सरली आणि तांब्या नवऱ्याच्या हातात दिला. नवरा म्हणाला, "सांगतो साहेब," आणि कान लाल करून उभा राहिला.

निरीक्षक खेळपट्टीवरून फिरले. चावी काढून मधोमध माती टोचून पाहिली. "छान आहे. टणक आहे." मग टोकाला येऊन थांबले. "ही काय?"

"भेग आहे साहेब. ऊन फार आहे ना यंदा."

"खेळायला अडचण नाही तशी. पण हे फोटोत दिसणार." त्यांनी फोटोवाल्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. "उद्घाटनाचा फोटो इथूनच आहे. मंडळाचे अध्यक्ष, दोन्ही कर्णधार, मागं फलक. आणि पायाखाली ही भेग? लोक म्हणतील, मंडळानं पोरींना शेतात खेळायला लावलं. भेग दिसता कामा नये."

"बुजवतो साहेब."

"आणि पाणी मारू नका हं आता. कोरडी माती भरा, ठोका, संपलं."

निघताना ते गाडीच्या दारात थांबले. "मैदानवाले, एक सांगतो. पलीकडच्या मैदानाचे लोक रोज फोन करतात आम्हाला. मी तुमच्या बाजूनं बोललोय. माझं नाक कापू नका."

गाडी गेली. धूळ मैदानावर पसरली आणि पांढऱ्या रेघांवर बसली. त्या रेघा मैदानवालीनंच सकाळी चुन्यानं मारल्या होत्या.

भेग बुजवायचं काम अर्थातच तिच्याकडं आलं. नवऱ्यानं सांगितलं तसं तिनं कोरडी माती चाळली, भेगेत भरली, लाकडी ठोकण्यानं ठोकली. जरा वेळानं येऊन पाहिलं तर माती खाली बसलेली आणि भेग पुन्हा आ वासून. परत भरली. परत बसली. दुपार डोक्यावर आली, मातीच्या कडा भुसभुशीत होऊन वाऱ्यानं उडायला लागल्या.

ती घरात आली तेव्हा सासू दारात बसून पंख्यानं वारा घेत होती. सासूच्या लेखी क्रिकेट म्हणजे उन्हात काठी घेऊन उभं राहायची शिक्षा. पण घराच्या जमिनीबद्दल सासूपुढं कुणाची टाप नव्हती.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"भेग बुजत नाही आई. माती धरतच नाही."

"कोरड्यानं कशी धरेल? आपल्या घरातल्या जमिनीला भेग पडली की काय करतो आपण? ओली माती दाबून भरायची, वर ओलं पोतं टाकायचं. सावकाश वाळते, मग फुटत नाही. एवढी म्हातारी झाले, माझी जमीन कधी फुटली नाही."

"साहेब म्हणाले पाणी नको."

"साहेबानं कधी घर लिंपलंय?"

मैदानवाली उंबऱ्यात उभी राहिली. साहेबांचंही खरं होतं आणि सासूचंही खरं होतं. पण तिच्या हाताला सासूचं जास्त ओळखीचं होतं. आयुष्यभर जे हात जमिनी लिंपत आले, त्यांना ओल्या मातीचा भरवसा वाटायचाच. शिवाय जागा केवढी, हातभर. हातभर ओलीनं काय बिघडतंय? तिनं माती कालवली, मऊ मळली, भेगेत बोटांनी दाबदाबून भरली, वरून तळहातानं सारखी केली. आणि वर ओलं पोतं टाकलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि भेग तशीच राहिली असती.

घटकाभरानं पोतं काढायचं, असं तिच्या मनात होतं. पण सामन्याचं घर म्हणजे लग्नाचं घर. खुर्च्या आल्या, त्या उतरवून घ्यायच्या. फलकाचे बांबू आले, खड्डे खणायचे. शाळेतून निरोप आला की मुलींच्या पिण्याच्या पाण्याची टाकी गळते. सीमारेषेची झेंडी वाऱ्यानं फाटली, ती शिवायची. तिला पोत्याची आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, आणि ती झेंडी तशीच टाकून धावत सुटली. वाटेत टाकी भरणाऱ्या मजुरानं सांगितलं, "पोतं वाळलं होतं मैदानवाली, सकाळी मी दोनदा पाणी शिंपडलं त्यावर. बरं केलं ना?"

त्याचा काय दोष? त्यानंही घरच लिंपलेलं पाहिलं होतं.

पोतं उचललं तर खाली माती गडद, गार, एकसंध. भेगेचा मागमूस नव्हता. राहिलेल्या उन्हात वाळेल, तिनं स्वतःला सांगितलं. संध्याकाळपर्यंत रंग थोडा फिकटला. तिनं त्यावर जाऊन तळवा ठेवला. गार. अजून गार.

सामन्याच्या सकाळी रंग अगदी जुळला होता. बाकीच्या खेळपट्टीसारखाच राखाडी, वर बारीक पापुद्रा धरलेला. निरीक्षक आले, वाकून पाहिलं आणि मैदानवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "वा! भेग गायब! जादू केलीत." थाप नेमकी दुखऱ्या जागी बसली. मैदानवाल्यानं दात आवळून हसून दाखवलं.

अध्यक्ष आले, फोटो झाला. शाळेतल्या मुलांना रांगेनं आणून झाडाखाली बसवलं होतं, त्यांच्या हातांत मंडळाचे कागदी झेंडे. भोंग्यावर कुणीतरी मुलींच्या खेळाच्या उज्ज्वल भवितव्याबद्दल बोलत होतं. त्या गडबडीत मैदानवाली झाडूच्या निमित्तानं टोकापाशी गेली, बसली, आणि अंगठा दाबला. पापुद्रा मोडला आणि अंगठा आत गेला. खाली मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं. तिनं चटकन वरून माती सारखी केली आणि उभी राहिली.

शेडच्या आडोशाला तिनं नवऱ्याला गाठलं. सगळं सांगितलं. पोतं, पाणी, अंगठा.

"पाणी नको म्हटलं होतं ना त्यांनी?"

"चुकले मी. आता साहेबांना सांगा."

"काय सांगू? अध्यक्ष बसलेत तिथं! सामना रद्द होईल. आज सामना रद्द झाला की उद्या खोल्या खाली करा म्हणतील. म्हातारीला घेऊन कुठं जायचं?"

"चेंडू तिथं पडला तर उसळेल हो. अंगावर येईल कुणाच्या."

"उन्हानं वाळेल तासाभरात. हातभर जागा आहे, प्रत्येक चेंडू काय तिथंच पडतोय?" त्यानं आवाज खाली आणला. "गप्प बस. तुझ्या पाया पडतो, गप्प बस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पाया पडतो असं तो कधी म्हणाला नव्हता. ती गप्प बसली. पण निदान बारकीच्या कानावर घालावं म्हणून पॅव्हेलियनच्या जिन्याशी गेली, तर संघ सांभाळणाऱ्या बाईंनी हात आडवा केला. "आता खेळाडू कुणाला भेटणार नाहीत. मंडळाचा नियम आहे. सामना झाला की भेटा आईसाहेब, मग डोळे भरून बघा लेकीला." वर खिडकीत बारकी पॅडचे पट्टे आवळत होती. तिनं आईला पाहिलं आणि हात हलवला. मैदानवालीनंही हात हलवला. नको नको असा. पोरीला वाटलं, आई आशीर्वाद देतेय.

नाणेफेक समोरच्या संघानं जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतलं. पंच बाहेर आल्या, मागोमाग अकरा पोरी, आणि मग बारकी आणि तिची जोडीदार.

मैदानवाली रोलरच्या आडोशाला जमिनीवर बसली. त्या संघात एक उंच पोरगी होती, ताडासारखी, आणि ती समोरच्या टोकाकडून धावत यायची. म्हणजे टप्पा पडायचा तो पॅव्हेलियनच्या बाजूला. प्रत्येक चेंडूला मैदानवाली श्वास धरायची आणि चेंडू गेला की सोडायची. पहिली षटकं तशीच गेली. चेंडू कधी पुढं पडे, कधी मागं. बारकी सरळ बॅटनं खेळत होती. मधेच तिनं एक चेंडू असा मारला की तो गवतावरून सरपटत झेंड्यांपाशी गेला, आणि झाडाखालची मुलं उठून ओरडली. विभागाच्या संघासाठी मुलींची निवड करणाऱ्या बाई तंबूत बसल्या होत्या. त्या शेजारच्याला काहीतरी म्हणाल्या आणि मान डोलावली. मैदानवालीला अभिमान वाटायला हवा होता. तिला फक्त ती हातभर जागा दिसत होती.

मग एक चेंडू तिथं पडला. थप्प असा आवाज आला, वाळल्या मातीचा नव्हे, आणि चेंडू सरळ वर उठला. बारकीनं मान मागं घेतली. चेंडू तिच्या हेल्मेटच्या जाळीवरून गेला आणि यष्टिरक्षक मुलीनं उडी मारून पकडला. क्षेत्ररक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी टोकाकडं पाहिलं, पण काही केलं नाही. बारकी पुढं येऊन बॅटनं ती जागा थोपटत होती. थोपटून ती थोडा वेळ तिथंच थांबली, आणि मग जागेवर गेली.

"बघ, काही झालं नाही," नवरा मागून म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

उंच पोरीच्या पुढच्या षटकात जोडीदाराची पाळी होती. चेंडू पुन्हा तिथंच पडला, पुन्हा उठला, आणि तिच्या हाताच्या बोटांवर बसला. पोरगी बॅट टाकून खाली बसली. पाणी आलं, औषधाची पेटी आली. बोटं हलवून बघितली. पोरगी डोळे पुसून परत उभी राहिली. पंच वाकून माती पाहत होत्या, पण वरचा पापुद्रा कोरडा होता. त्यांना काही उमगलं नाही.

पुढचा चेंडू जोडीदारानं कसाबसा ढकलून एक धाव काढली. आता बारकीची पाळी. उंच पोरगी मागं जाऊन उभी राहिली. तिला जागा सापडली होती, हे तिच्या चालीतच दिसत होतं. मैदानवालीच्या डोळ्यांपुढं खोल्या आल्या, सासू आली, दारातली चूल आली. आणि मग जाळीमागचा पोरीचा चेहरा आला, लहानपणी तापात पडला होता तसा. ती उठली. नवऱ्यानं मनगट धरलं. ते सोडवायला तिला जोर लावावा लागला नाही. त्यानं नीट धरलंच नव्हतं.

ती झेंड्यांची दोरी ओलांडून आत गेली. अनवाणी, पदर खोचलेला. उंच पोरगी धावता धावता थांबली. भोंगा गप्प झाला. "बाई! बाई, बाहेर!" कुणीतरी ओरडत होतं, बहुतेक निरीक्षकच. ती चालत राहिली. खेळपट्टीपाशी येऊन ती बसली, त्या जागी अंगठा दाबला, आणि पंचांना दाखवला. अंगठा मुळापर्यंत चिखलानं माखला होता.

"इथं ओलं आहे," ती म्हणाली. "मी केलंय. थांबवा."

बारकी तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. "आई, तू जा," ती दातांतून म्हणाली. "मला कळलंय कुठं आहे ते. मी पुढं येऊन खेळणार होते."

"तुला लागलं असतं."

"लागलं असतं तर लागलं असतं! माझ्या धावा होत होत्या!"

निरीक्षक धावत आले, मागून मैदानवाला. त्याला धावणं जमत नव्हतं, एका बाजूला कलत कलत आला. निरीक्षकांनी अंगठा पाहिला, जागा पाहिली, तंबूत बसलेल्या अध्यक्षांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"मैदानवाले, हे काय आहे? पाणी नको म्हटलं होतं की नाही? आणि या बाई का हात लावतायत खेळपट्टीला? खेळपट्टी करतं कोण इथली?"

मैदानवाल्यानं रोलरकडं पाहिलं, जणू तो मदतीला येईल. मग तो म्हणाला, "ही करते."

"म्हणजे?"

"ही करते साहेब. सगळं हीच करते. माझी कंबर गेलीय."

खरं होतं. ते कधीतरी चारचौघांत कुणाच्या तरी तोंडून ऐकावं, अशी तिची फार दिवसांची आस होती. ऐकायला मिळालं ते असं, चिखलाचा अंगठा वर धरून. तो खरं बोलला होता की स्वतःवरचं तिच्यावर ढकललं होतं, हे तिला कळेना. त्यालाही कळलं नसावं, कारण तो रडायच्या बेतात आला होता.

पंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावलं. जुन्या पट्टीवर खेळायचं नाही, हे ठरलं. समोरच्या संघाची कर्णधार म्हणाली, दुसऱ्या पट्टीवर खेळायचं तर सुरुवातीपासून. बारकीची कर्णधार कुरकुरली, पण सामना वाया जाण्यापेक्षा बरं म्हणून कबूल झाली. बारकीनं बॅट काखेत मारली आणि आईकडं न पाहता निघून गेली. झेंड्यांपर्यंत गेलेला तो चेंडू आता गेलाच नव्हता.

"शेजारची पट्टी कशी आहे?" निरीक्षकांनी विचारलं. ते मैदानवाल्याकडं पाहत होते, मग सवय मोडावी तसे तिच्याकडं वळले.

कालपर्यंत ती छातीठोक म्हणाली असती, चांगली आहे साहेब. आज तिचा स्वतःच्या तळव्यावरही भरवसा राहिला नव्हता. "सरावाची आहे. पाणी नाही मारलं तिच्यावर. पण... लाटावी लागेल."

मग रोलर निघाला. मजूर दोघेच होते. तिनं मधला दांडा धरला, साऱ्या गावासमोर, अध्यक्षांसमोर. मैदानवाला पुढं झाला आणि त्यानंही दांड्याला हात घातला. "अहो, तुम्ही पुढं चाला," ती हलकेच म्हणाली, "सरळ जातोय का ते सांगा." तो पुढं उलटं चालत राहिला आणि "जरा डावीकडं, जरा डावीकडं" म्हणत राहिला, तिथं डावीकडं काहीच नव्हतं तरी. लोखंड मातीवरून गेलं की करकर आवाज येत होता. खांद्याचे सांधे ओढले जात होते. लोक पाहत होते, आणि तिला वाटत होतं की अंगावरचं लुगडं सुटलंय, ते आवरायला हात रिकामा नाही. चुन्यानं नव्या रेघा मारताना एक रेघ वाकडी गेली. ती पुसून परत मारली.

सामना पुन्हा सुरू झाला. बारकी पुन्हा आली. मैदानवाली या वेळी रोलरच्या आडोशाला बसली नाही. सरळ टोकामागं झेंड्यांच्या दोरीपाशी उभी राहिली.

पहिला चेंडू बारकीनं सोडला. दुसरा खेळला. तिसरा उंच पोरीनं जरा मागं पाडला. बारकी मागं सरून खेळायला गेली, गुडघ्यापाशी येईल म्हणून. चेंडू आला नाही. खालीच राहिला, घोट्याच्या उंचीनं सरपटला, आणि बॅटच्या खालून मधल्या यष्टीवर लागला. यष्टी मुळातून उडाली. अकरा पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मैदानवालीनं तोंडावर हात ठेवला. सरळ मागून पाहत होती, तिच्याइतकं स्वच्छ कुणालाच दिसलं नसेल. पट्टीनं दगा दिला होता. तिची पट्टी, तिनं लाटलेली, तिनं रेघा मारलेली.

मंडळाची एक रीत होती. नव्या मैदानावर फलंदाज बाद होऊन परतला की निरीक्षक त्याला वाटेतच विचारत, खेळपट्टी कशी वाटली. बाकी कुणी काही म्हणो, मान्यतेचं ठरवताना या बोलण्याला वजन होतं. निरीक्षक दोरीपाशी येऊन थांबले होते. निवड करणाऱ्या बाईही उठून आल्या होत्या. शून्यावर बाद झालेल्या पोरीला आपली बाजू सांगायला याहून बरी वेळ कुठली? चेंडू खाली राहिला, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. सगळे म्हणाले असते, बिचारी, तिचा काय इलाज.

बारकी हेल्मेट काढत आली. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"काय गं," निरीक्षकांनी विचारलं, "चेंडू खाली राहिला का?"

बारकीनं एकदा शेडकडं पाहिलं. दारात आजी पंखा घेऊन बसली होती. बाप रोलरला टेकून उभा होता, या वेळी खरोखरच आधारासाठी.

"नाही साहेब," ती म्हणाली. "पट्टी चांगली आहे. मीच उशिरा खेळले."

निवड करणाऱ्या बाईंनी ओठ आवळले आणि त्या तंबूकडं परत गेल्या. निरीक्षक "बरं" म्हणाले. जरा थांबून मैदानवालीकडं वळले आणि म्हणाले, "पुढच्या सामन्याआधी मी लवकर येईन बाई. तुमच्याशीच बोलावं लागेल." आणि तेही गेले.

बारकी दोरी ओलांडून बाहेर आली आणि आईच्या पायाशी मातीत बसली. पॅडचे पट्टे सोडायला लागली. एक पट्टा सुटेना. मैदानवाली खाली बसली आणि तो सोडवायला लागली. अंगठ्यावरचा चिखल वाळून त्याला चिरा पडल्या होत्या.

"खाली राहिला होता गं," ती कुजबुजली. "मी पाहिलं."

"माहितीय मला," बारकी म्हणाली. "पाणी दे आधी."